सगळं गेलं म्हणू नका

बाईंच्या दुकानात कुणी रडवेला होऊन आला की बाई त्याला आधी उभा ठेवायच्या. समोर खुर्ची असायची, पण ती मशीनसाठी. माणूस छातीशी कॉम्प्युटरचा डबा धरून, जिना चढून धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, "बाई, सगळं गेलं हो."

"सगळं म्हणजे काय?"

"सगळंच. सुरूच होत नाही. निळी पाटी येते, बंद होतं, परत सुरू, परत निळी पाटी."

"ते मशीनचं झालं. तुमचं काय गेलं?"

इथं माणूस अडखळायचा. बाई मान वर करायच्या नाहीत. हातातला स्क्रू फिरवत म्हणायच्या, "सगळं गेलं म्हणू नका. सगळं मी काढत नाही. नाव घेऊन सांगा."

मालगुंडकडचा एक आंबा बागायतदार होता. सोन्याची साखळी, चकचकीत बूट, आवाजात हुकूम. तो म्हणाला, "माझा धंदा आहे त्यात." बाई म्हणाल्या, "धंदा बागेत असतो. ह्यात काय आहे?" तो चिडला, पैशाची भाषा बोलला, दुसऱ्या दुकानाचं नाव घेतलं. बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. तो दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला. म्हणाला, "व्यापाऱ्यांचे पत्ते आहेत. आणि बाबांचा आवाज आहे. फोनवर बोलले होते शेवटचं, ते उतरवून ठेवलं होतं." बाईंनी उठून त्याच्या हातातलं मशीन घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि त्याच खुर्चीवर त्याला बसवलं.

मला हे आवडायचं नाही. आधीच घाबरलेल्या माणसाला उभं ठेवून त्याच्याकडून कबुलीजबाब घ्यावा तसं हे. मी तोंडावर सांगितलंही होतं. बाई म्हणाल्या, "डिस्कमध्ये हजारो नावं असतात गो. काय शोधायचं ते त्यालाच माहीत नसेल, तर मी काय अंगारा लावू?"

राम आळीतल्या त्या माडीवर आमच्या दोघींमध्ये एक प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे बाईंचं दुरुस्तीचं दुकान, अलीकडे माझं डीटीपीचं टेबल. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या पाट्या हे पोटासाठी, आणि पत्रकं ही माझ्यासाठी. माझे वडील मुंबईत गोदीत होते. सुट्टीत गावी आले की ट्रंकेत कपड्यांखाली पत्रकांचे गठ्ठे असत. आमच्या बौद्धवाडीत पुस्तकं नव्हती, पण लाल, पिवळ्या, गुलाबी कागदावर छापलेला संताप भरपूर होता. मला बाराखडी पुरती येण्याआधी 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बाई मला 'पत्रकवाली' म्हणायच्या. माझ्या मजकुरात त्यांना एकच दोष दिसायचा. "ह्यात विशेषणं किती. 'क्रूर, निर्दयी, जुलमी'. त्यानं केलं काय ते कुठाय?"

बाई पूर्वी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. तिथून का बाहेर पडल्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण कॉलेजचा विषय निघाला की त्या हातातली वस्तू टेबलावर आपटायच्या, त्यावरून मी अंदाज बांधला होता. नम्रपणा त्यांच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नव्हता. "रत्नागिरीत हे काम येणारी मी एकटी," असं त्या गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायच्या, आणि त्याला खोकला आला तरी त्यांना ती शंका वाटायची.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी प्रश्न येतो, गाव कुठलं, आडनाव काय. मग उत्तराप्रमाणे विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. बाईंनी तो प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. मलाही नाही. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आडनावानं फाईल निघते का?"

"नाही."

"मग."

आणि तरी त्यांची जीभ साफ नव्हती. शहरातली पोरं कसलाही बिघाड आला की तो न बघता फॉरमॅट मारतात, म्हणजे आतलं सगळं पुसून मशीन कोरं करून देतात. बाई त्यांना खाटीक म्हणायच्या. मी पार्टिशनच्या वरून डोकं काढलं. "बाई, ती जात आहे. शिवी म्हणून वापरायची नाही."

"मग काय म्हणू त्यांना? कलाकार?"

"काहीही म्हणा. जात नको."

दुपारी पलीकडून आवाज आला, "बोळेवाले." त्या दिवसापासून ती पोरं बोळेवाले झाली. चुकलं असं बाई म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुझ्या शेजारात माणसाला शिव्यासुद्धा नव्या शिवाव्या लागतात."

मांडवी, मिरकरवाडा या बाजूची मशीनं आली की त्या ती नुसती उघडून वास घ्यायच्या. "ह्याला समुद्र चावलाय." खाऱ्या हवेनं रॅमची पट्टी जिथं बसते तिथं हिरवट थर धरतो आणि मशीन सुरू होता होता कोसळतं. बाई ती पट्टी खोडरबरानं घासायच्या. खोडरबर गुलाबी, शाळेतल्या मुलांचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचाच लागायचा. त्याला शास्त्रीय कारण काय, असं एका इंजिनीअरनं विचारलं. बाई म्हणाल्या, "वास बरा येतो."

आणि पुठ्ठा. बाईंच्या स्क्रीनवर एक मोठा पुठ्ठा लटकलेला असायचा, मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापलेली. परत मिळालेला फोटो नीट उघडतो की नाही हे त्या त्या खिडकीतून बघायच्या. साडीचा काठ दिसला, पुरे. बाळाचा कान दिसला, पुरे. व्हिडिओचा आवाज बंद. कुणाच्या घरात काय चाललंय ते बघायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की डोळ्यांवरही विश्वास ठेवला नव्हता.

एकदा एक नवरा बायकोचा लॅपटॉप घेऊन आला. तिनं पुसलेलं काढून द्या म्हणाला. बाई म्हणाल्या, "तिला घेऊन या."

"मी नवरा आहे तिचा."

"असाल. फायली तिच्या आहेत."

तो ओरडला, त्यानं टेबलावर हात आपटला. बाईंनी लॅपटॉप त्याच्या पिशवीत घालून दिला आणि पिशवी जिन्यावर नेऊन ठेवली. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. तेव्हा बाईंचं तत्त्व माझ्या बाजूचं होतं. तत्त्व आपल्या बाजूचं असतं तेव्हा ते फार सुंदर दिसतं.

आमच्या गावाच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं माळरान. त्याच्या पोटातून निघणारा झरा आमच्या वाडीच्या विहिरीला येतो. त्या सड्यावर चिरेखाण काढायची म्हणून ग्रामसभा भरली. सड्यावर यंत्रानं चिरे कापायला लागले की झऱ्याचं काय होतं हे शेजारच्या गावानं पाहिलं होतं. ग्रामसभेत आमच्या वाडीनं आणि वरच्या कुणबीवाडीनंही हात वर करून नाही म्हटलं. आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, एकमताने मंजूर.

आम्ही तक्रार केली. ग्रामसभेचं चित्रीकरण पंचायतीनंच केलं होतं, ते दाखवा म्हटलं. आमच्यापैकी दोघांच्या मोबाईलवर तुकडे होते. एकात नुसतं भांडण, दुसऱ्यात छताचा पंखा. पंचायत म्हणाली, आमचा कॉम्प्युटर बिघडलाय, चित्रीकरण त्यातच गेलं. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, चित्रीकरण आणा, नाहीतर ते निघत नाही असं जाणकाराकडून लिहून आणा. खाणवाल्यांनी तोवर थांबायची गरज मानली नाही. सड्यावर यंत्र चढलं आणि विहिरीचं पाणी लाल झालं.

जाणकार म्हणजे बाई. ग्रामसेवक भाऊसाहेब जिना चढून आले ते गोणपाटात गुंडाळलेलं मशीन घेऊन. हे भाऊसाहेब घाटावरचे, गोड बोलणारे. ते मला ओळखत होते, पण पार्टिशनमागे मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, एक चिठ्ठी पाहिजे होती. ह्यातलं काही निघत नाही म्हणून."

"काय गेलं?"

"काही नाही गेलं. म्हणजे सगळंच गेलं. तुम्ही फक्त लिहून द्या की."

"उघडून बघू तरी."

"कशाला एवढा त्रास घेताय? मेलंय ते."

बाईंनी वायर जोडली, बटण दाबलं. "पंखा फिरतोय. मेलेल्याचा पंखा फिरतो का हो?"

"फिरू दे की. तुम्ही सही करा, मी दोन दिवसांनी मशीन नेतो."

"सही बघून करते," बाई म्हणाल्या. "ठेवून जा."

भाऊसाहेबांना वाटलं काम झालं. ते गेल्यावर मी पलीकडे गेले. डब्यावर पांढऱ्या रंगात आमच्या गावाचं नाव होतं. बाई आधीच पट्टी घासायला बसल्या होत्या. दुकानात स्ट्रॉबेरीचा वास पसरला. बटण दाबलं, निळी पाटी आली नाही. सगळ्या गावाला मारलेली थाप खोडरबरानं पुसली गेली. बाईंनी पुठ्ठा लावला, चित्रीकरण शोधलं, खिडकीतून पाहिलं. खिडकीत एक कोपर होतं आणि हिरव्या बांगड्या. हात वर गेलेला होता.

"पुठ्ठा काढा," मी म्हटलं.

"फाईल चालते. बास."

"बाई, ही माझ्या गावची ग्रामसभा आहे. मला प्रत द्या."

"मशीन कुणी आणलं?"

"त्यानं पुरायला आणलंय ते. तुम्हाला दिसत नाही? हा लोकशाहीचा खून आहे, हा पुरावा आहे, हा शेकडो माणसांच्या..."

"भाषण नको. त्या नवऱ्यानं बायकोचा लॅपटॉप आणला तेव्हा त्याच्याकडेही कारण होतं."

"मला तुम्ही त्याच्या रांगेत बसवता?"

"मी कुणालाच बसवत नाही. ज्याची वस्तू त्यानं मागावी. ही तुझी एकटीची आहे का?"

मी एवढी चिडले की मला रडू आलं, आणि त्याचा आणखी राग आला. दोन तत्त्वं समोरासमोर आली की जिचं पोट भरलेलं असतं तिचं तत्त्व जास्त टिकतं, असं मी त्यांना म्हटलं. बाई म्हणाल्या, "असेल. उद्या सकाळी दुकान उघडतं."

मी रात्रीच निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोन्ही वाड्यांतल्या बायका आल्या. माझी काकी पुढे होती. ग्रामसभेत सगळ्यात आधी हात वर करणारी तीच, आणि घरात नवऱ्याला, बाहेर सरपंचाला एकाच आवाजात बोलणारी. जिना बायकांनी भरला. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय गेलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "तू नाही. त्या."

काकीनं पदर खोचला. "हात गेला माजा."

"कुठला हात?"

"ह्यो. सभेत वर केलेला. त्यांनी लिवलंय मी होय म्हनलं. मी नाय म्हनलं व्हतं. त्यो हात काडून दे, बाय."

मागून एकजण म्हणाली, "माजा बी." मग आणखी एक. कुणबीवाडीतली एक म्हातारी म्हणाली, "मी दोन्ही वर केलेले. एक धर."

"एकच धरणार," बाई म्हणाल्या. "हे मशीन कुणाच्या पैशानं आलं?"

"आमच्या घरपट्टीच्या," काकी म्हणाली. "दर सालाला भरतो. नाय भरली तर दारात येऊन बोंबलतात."

बाईंनी मान हलवली आणि प्रत काढून पेन ड्राईव्ह काकीच्या हातात ठेवला. माझ्या नाही. काकीच्या. मी ते चालवून घेतलं, कारण आम्ही जिंकलो होतो. चिठ्ठी मिळणार नाही हे भाऊसाहेब पंचायतीला सांगतील तोवर आम्ही कचेरीत असू. ते उभे राहून "चित्रीकरण गेलं साहेब" म्हणतील आणि आम्ही ते साहेबांच्या टेबलावर ठेवू. मी पत्रकाचा मथळासुद्धा ठरवला होता.

भाऊसाहेब आले. मी पार्टिशनमागे बसून ऐकत होते. बाईंनी मशीन सुरू करून दाखवलं आणि लिहून ठेवलेला कागद पुढे केला. मशीन चालू आहे, सर्व फायली शाबूत आहेत. भाऊसाहेबांचा गोड आवाज सुकला. एवढ्यावर थांबायचं होतं. बाई थांबल्या नाहीत.

"आणि ग्रामसभेच्या चित्रीकरणाची प्रत गावातल्या बायकांना दिली आहे."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"त्यांनी मागितली. तुम्हाला न सांगता ठेवणं बरोबर नाही, म्हणून सांगते."

भाऊसाहेब मशीन उचलून निघून गेले. मी पार्टिशन ओलांडलं.

"का सांगितलंत त्याला?"

"मशीन त्यानं आणलं होतं."

"तो चोर आहे बाई! आता ते तयारीनं येतील. त्याला कळलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

"त्याच्यामागे केलं असतं तर ते लपवून केलं असतं."

"तुम्ही स्वच्छ राहिलात," मी म्हटलं. "आमचं पाणी लाल झालंय."

बाई नुसत्या "हो" म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी माझं टेबल त्या माडीवरून हलवलं. बाईंनी टेबलाचं एक टोक धरून जिना उतरायला मदत केली, त्याचाही मला राग आला.

सुनावणीला ते तयारीनंच आले. वकील होता. व्हिडिओ लावला, हात दिसले, आमच्या बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. वकील शांतपणे म्हणाला, ही नुसती चर्चा आहे, मतदान कॅमेरा बंद झाल्यावर झालं. आणि ही प्रत आली कुठून? जिथं ह्या तक्रारदाराचं टेबल होतं त्याच दुकानातून.

साहेबांनी विचारलं, "प्रत कुणी काढली?"

मागच्या बाकावरून बाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "मी. आणि हो, हिचं टेबल माझ्याकडे होतं."

वकिलाचा चेहरा फुलला. बाई पुढे म्हणाल्या, "मी फाईल बदलली नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मूळ मशीन चालू स्थितीत भाऊसाहेबांना दिलंय, ते मागवा."

भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "ते सड्याच्या रस्त्याला गाडीतून पडलं, साहेब."

आमच्या बाजूला हशा झाला. मला हसू आलं नाही. बाई गप्प राहिल्या असत्या तर ते मशीन आज पंचायतीच्या टेबलावर असतं. सगळं आमच्या बाजूचं, आणि तरी हातातून चाललेलं. साहेब कागद गोळा करू लागले. पुढची तारीख म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. सड्यावरचं यंत्र तारखा पाळत नाही.

तेवढ्यात काकी उठली. "साहेब, त्यो पिच्चर ऱ्हाऊ दे."

"बसा बाई."

"बसते. पन हात हितं हायत. ते पडले नाय गाडीतून. परत मोजा."

आणि तिनं हात वर केला. शेजारणीनं केला. मग त्या कुणबीवाडीच्या म्हातारीनं, या खेपेला एकच. मागं भिंतीला टेकून उभे असलेले पुरुष, मुंबईहून रजा टाकून आलेले दोघं, मी. खोली हातांनी भरली.

वकील म्हणाला, "साहेब, ही बाहेरची माणसं गोळा करून आणलीयत. ह्यात गावचं कोण नि उपरं कोण?"

साहेबांनी खोलीवर नजर फिरवली आणि ती मागच्या बाकावर थांबली. तिथं एकच बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"तुम्ही का नाही केला?"

"मी त्या गावची नाही," बाई म्हणाल्या. "माझा हात धरू नका."

साहेब वकिलाला म्हणाले, "उपरं कोण ते कळलं." मग बायकांना एकेक करून नाव आणि वाडी विचारली, आणि खालच्या माणसाला लिहायला सांगितलं. कचेरीच्या माणसासमोर ग्रामसभा पुन्हा घ्या, तोवर खाणीचं काम बंद.

त्या क्षणी माझा राग गेला असं सांगायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. माझा हात वर होता आणि मी मागं वळून बाईंकडेच बघत होते. एवढी माणसं जिवाच्या आकांतानं हात वर धरून उभी, आणि ही बाई नियमाचा हिशेब करत बसलेली. तो खाली राहिलेला हात आमच्या उपयोगी पडला हे मला दिसत होतं. ती तो उपयोगासाठी खाली धरून बसली नव्हती, हेही दिसत होतं. आम्ही हरत असतो तरी तो खालीच राहिला असता.

बाहेर पायऱ्यांवर काकीनं बाईंना गाठलं.

"काय गो बाय, वर करायला तुज्या हाताला काय झालं व्हतं?"

"माझी घरपट्टी तिथं नाही."

"मग ये ऱ्हायला," काकी म्हणाली. "घर बांद, पट्टी भर. पानी लाल हाय, पन हाय अजून."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. मीही नाही.